लॅपटॉपमधली न थांबणारी हाळी: इंटरप्टचा घोळ शोधायचा कसा

पीक विम्याचे अर्ज भरायचे शेवटचे दिवस होते. आमच्या गावात सेवा केंद्र चालवणारी ताई सकाळी आठलाच लॅपटॉप पिशवीत घालून माझ्या दुकानात आली. "दादा, काहीच चालू नाही तरी पंखा बोंबलून रायला. माउस जागच्या जागी थबकते. बोटाचं मशीन तर लावलं की दोन मिनिटात सुटते. बाहेर पंधरा कास्तकार बसून हायेत." मी तेव्हा नवा होतो. मला वाटलं व्हायरस असेल, म्हणून विंडोज नव्यानं टाकलं. अर्धा दिवस त्यात गेला. संध्याकाळी लॅपटॉप परत दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो तसाच परत आला. त्या पंधरा जणांचा एक दिवस माझ्यामुळे वाया गेला, हे मला अजून लागतं. दोष विंडोजमध्ये नव्हताच. तो कुठे होता ते पुढे सांगतो. तो शोधायची जी रीत मी नंतर शिकलो, ती इथे पहिल्यापासून मांडतोय, म्हणजे तुमच्या गावात कोणाचा असा दिवस जाणार नाही.

इंटरप्ट म्हणजे काय

हरभऱ्याला रात्री ओलित करताना आपण मोटारीपाशी असतो आणि सरीचं टोक लांब असतं. पाणी टोकाला पोचलं का, हे बघायला दर पाच मिनिटांनी चालत जाता येतं, पण त्यात दुसरं काही काम होत नाही. म्हणून टोकाला पोराला उभं करतात. पाणी पोचलं की तो हाळी देतो, आपण हातातलं काम ठेवून बारं फोडतो आणि परत कामाला लागतो.

लॅपटॉपचा प्रोसेसर असाच वागतो. कीबोर्डची कळ दाबली गेली, वायफायवरून माहिती आली, डिस्कचं वाचून झालं, असं काही घडलं की ते यंत्र प्रोसेसरला हाळी देतं. या हाळीला इंटरप्ट म्हणतात, आणि कोणाची हाळी आहे ते कळावं म्हणून तिला जो क्रमांक असतो त्याला आयआरक्यू. प्रोसेसर चालू काम बाजूला ठेवतो, त्या यंत्राच्या ड्रायव्हरला, म्हणजे ते यंत्र चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला, "बघ रे तुझं काय ते" म्हणतो आणि माघारी येतो. हे सेकंदाला शेकडो, हजारो वेळा होत असतं आणि आपल्याला जाणवतही नाही.

जुन्या काळी हे क्रमांक फार तोकडे होते. १९८१ च्या आयबीएम पीसीत ८ क्रमांक होते. १९८४ च्या पीसी एटीमध्ये दुसरी चिप जोडून ते १६ झाले, पण दोन चिपा एकमेकींना जोडण्यातच एक खर्ची पडायचा, म्हणजे हाती १५. त्यातला ० घड्याळाला, १ कीबोर्डला, ८ तारीख-वेळेच्या घड्याळाला, १२ माउसला, १४ आणि १५ हार्डडिस्कला असे बांधलेले. साउंड कार्ड ५ वर बसवलं आणि दुसरं कोणी आधीच तिथे असलं, की दोघंही बंद पडायचे, कारण त्या काळच्या आयएसए नावाच्या पद्धतीनं जोडायच्या कार्डांना एक क्रमांक वाटून घेता येत नसे. दोन वावरांतली दोन पोरं एकाच आवाजात हाळी देऊ लागली तर कोणत्या सरीकडे धावायचं, तशी गत. इंटरप्ट कॉन्फ्लिक्ट हा शब्द तिथून आलाय, आणि इंटरनेटवर जे जुने उपाय सापडतात ते बहुतेक त्याच काळातले आहेत.

आता तशी टंचाई राहिली नाही. पीसीआय ही कार्ड जोडायची पुढची पद्धत आल्यावर एकच क्रमांक दोघा-चौघांनी वाटून घ्यायची सोय झाली. पुढे एपीआयसी नावाच्या व्यवस्थेनं क्रमांक वाढवले. आजच्या पीसीआय एक्सप्रेस यंत्रांना तर वेगळी तारही लागत नाही. ती ठरलेल्या पत्त्यावर एक छोटा निरोप लिहितात, त्यालाच एमएसआय म्हणतात. त्यामुळे मागच्या दहा-बारा वर्षांतल्या लॅपटॉपमध्ये दोन यंत्रांची क्रमांकावरून खरी भांडणं क्वचितच लागतात. दोष असतो तो एकाच यंत्राचा. ते विनाकारण, न थांबता हाळ्या देत सुटतं आणि बाकी सगळ्यांची कामं अडतात. म्हणून शोधताना 'कोणाकोणाचा क्रमांक सारखा आहे' हे बघत बसू नका. 'कोण गप्प बसत नाही' हे शोधा. माझा सगळा भर यावर आहे.

सुरू करण्याआधी

एक वही घ्या. हे नुसतं सांगायचं म्हणून सांगत नाही. त्रास कधीपासून आहे, त्याच्या आदल्या दोन-चार दिवसांत काय नवं जोडलं, विंडोजचं अपडेट आलं होतं का, लॅपटॉप पडला किंवा भिजला का, त्रास चार्जर लावल्यावरच होतो की बॅटरीवरही, हे लिहा. पुढे प्रत्येक बदल एकेक करून करायचा आणि लिहून ठेवायचा. दोन बदल एकदम केले तर कशानं फरक पडला ते कळत नाही.

दुसरं म्हणजे महत्त्वाच्या फायली पेनड्राइव्हवर काढून घ्या. केंद्राचा लॅपटॉप असेल तर पावत्या आणि लोकांची स्कॅन केलेली कागदपत्रं आधी.

तिसरं, लॅपटॉप एकदा 'रिस्टार्ट' करा. 'शट डाउन' नको. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलं. ते चालू असेल तर शट डाउन केल्यावरही विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हरांची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच परत उचलली जाते. म्हणजे कालचा बिघडलेला ड्रायव्हर आज तसाच हजर. रिस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्यानं सुरू होतं. "रोज बंद करतो हो भाऊ" म्हणणाऱ्या कित्येकांचं काम या एका गोष्टीनं झालेलं मी पाहिलंय.

पहिली पायरी: आकडा बघा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तिन्ही कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. सगळे प्रोग्रॅम बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि सीपीयूच्या रकान्यावर क्लिक करा म्हणजे सगळ्यात जास्त खाणारा वर येईल. तिथे 'सिस्टम इंटरप्ट्स' नावाची ओळ शोधा. हा खरा प्रोग्रॅम नाही. हाळ्यांना उत्तर देण्यात प्रोसेसरचा किती वेळ जातोय ते दाखवायची ती जागा आहे. त्यामुळे ती बंद करायच्या नादी लागू नका. इंटरनेटवर तिला व्हायरस म्हणणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका.

लॅपटॉप रिकामा बसलेला असताना हा आकडा शून्याच्या आसपास, फार तर एक-दोन टक्के असतो. मोठी फाइल कॉपी करताना थोडा वर जातो आणि खाली येतो, ते ठीक आहे. काहीही चालू नसताना तो दहा, वीस टक्क्यांवर ठाण मांडून बसला, तर कोणीतरी यंत्र हाळ्या देत सुटलंय असं समजा. ताईच्या लॅपटॉपवर तो १८ ते २५ च्या मध्ये नाचत होता. आकडा वहीत लिहा. पुढे प्रत्येक पायरीनंतर हाच आकडा पुन्हा बघायचा आहे.

आकडा कमीच असेल आणि तरी लॅपटॉप मंद असेल, तर तुमचा त्रास इंटरप्टचा नाही. डिस्क किंवा रॅम कमी पडते का, तिकडे वळा.

दुसरी पायरी: डिव्हाइस मॅनेजर, आणि तिथे न घाबरणं

स्टार्टच्या बटणावर उजवं क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. कुठे पिवळा त्रिकोण दिसतो का बघा. दिसला तर त्या यंत्रावर दोनदा क्लिक करून तिथला कोड वाचा. कोड १२ म्हणजे यंत्राला हवी ती साधनसामग्री मोकळी मिळत नाही. इंटरप्टचं खरं भांडण असेल तर ते इथे दिसतं. कोड १० म्हणजे यंत्र सुरूच होऊ शकलं नाही. कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच टाकलेला नाही. आणि कोड ४३ म्हणजे यंत्रानं आपणहून बिघाड कळवला म्हणून विंडोजनं त्याला थांबवलं. चौघांचे उपाय वेगळे आहेत, म्हणून कोड लिहून ठेवा.

आता वरच्या 'व्ह्यू' मेनूतून 'रिसोर्सेस बाय टाइप' निवडा आणि 'इंटरप्ट रिक्वेस्ट' ही ओळ उघडा. इथे नवीन माणूस हबकतो. शेकडो ओळी, आणि बहुतेकींवर 'मायक्रोसॉफ्ट एसीपीआय-कम्प्लायंट सिस्टम' असंच लिहिलेलं. ते नेहमीचंच आहे, तिकडे लक्ष देऊ नका. काही यंत्रांपुढे उणे चिन्हाचे आकडे दिसतील. तो बिघाड नाही, ती यंत्रं मघाशी सांगितलेल्या एमएसआय पद्धतीनं निरोप देतात. आणि एकाच आकड्यावर, समजा १६ वर, दोन-तीन यंत्रं दिसली तरी ते भांडण नव्हे. वाड्याला एकच कडी असली आणि चार बिऱ्हाडं राहत असली तरी चालतं. कडी वाजली की ज्याचा पाहुणा तो दार उघडतो.

स्टार्टमध्ये 'सिस्टम इन्फर्मेशन' शोधून उघडलं, तर 'हार्डवेअर रिसोर्सेस' खाली 'कॉन्फ्लिक्ट्स/शेअरिंग' असं पान मिळतं. तिथेही चांगल्या, धडधाकट लॅपटॉपची लांबलचक यादी येते. नावात कॉन्फ्लिक्ट आहे म्हणून दचकू नका. वाटून घेतलेल्या सगळ्याच गोष्टी ते पान दाखवतं. मी ते पान फक्त एवढ्यासाठी बघतो, की पिवळा त्रिकोण असलेलं यंत्र कोणाच्या शेजारी बसलंय.

तिसरी पायरी: बाहेरचं सगळं काढा

प्रिंटर, बोटाचं मशीन, इंटरनेटचं डोंगल, बाहेरचा माउस, मेमरी कार्ड, यूएसबी हब, सगळं काढून ठेवा. रिस्टार्ट करा. आकडा बघा. खाली आला असेल तर एकेक वस्तू परत लावा आणि प्रत्येकीनंतर दोन मिनिटं थांबून आकडा बघा. ज्या वस्तूनं आकडा उसळला, ती वस्तू, तिची वायर किंवा ते पोर्ट यातलं एक दोषी. वायर बदलून बघा, मग पोर्ट बदलून बघा.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. "बोटाचं मशीन लावलं की प्रिंटरचा आयआरक्यू खातं" असं सांगणारे दुकानदार मला भेटलेत. यूएसबीच्या वस्तूंना स्वतःचा आयआरक्यू नसतोच. लॅपटॉपच्या आत यूएसबी कंट्रोलर असतो, हाळी तो देतो, आणि त्याच्या हाताखालची सगळी यंत्रं त्याच्यामार्फत बोलतात. त्यामुळे बोटाचं मशीन वारंवार सुटत असेल तर आधी दोन गोष्टी बघा.

एक, वीज पुरते का. यूएसबी २.० च्या पोर्टमधून ठरलेला प्रवाह ५०० मिलिअँपिअर आणि ३.० मधून ९०० मिलिअँपिअर. स्वतःचा अॅडॉप्टर नसलेल्या हबवर डोंगल, बोटाचं मशीन आणि वेबकॅम तिघं बसवले की तेवढ्यातच तिघांना भागवावं लागतं, आणि एखादं उपाशी राहून सुटतं. बोटाचं मशीन थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा.

दोन, विंडोज वीज वाचवायला पोर्ट झोपवतं का. डिव्हाइस मॅनेजरचा 'व्ह्यू' परत 'डिव्हाइसेस बाय टाइप' वर आणा, सगळ्यात खाली यूएसबी कंट्रोलर उघडा, प्रत्येक 'यूएसबी रूट हब' च्या प्रॉपर्टीजमध्ये 'पॉवर मॅनेजमेंट' मध्ये जा आणि वीज वाचवायला यंत्र बंद करू द्यायच्या वाक्यासमोरची खूण काढा. आमच्या भागातल्या निम्म्या केंद्रांवर तरी मी एवढंच केलं असेल आणि मशीन सुटायचं थांबलं.

चौथी पायरी: चार्जर काढा

माझ्या मते खेड्यात ही पायरी सगळ्यात मोलाची आहे, आणि पुस्तकी यादीत ती सहसा सापडत नाही.

सगळं काढूनही ताईच्या लॅपटॉपचा आकडा हलला नव्हता. विंडोज नवं टाकून झालं होतं. दुसऱ्या दिवशी मी हताश होऊन बसलो होतो आणि तेवढ्यात लाईन गेली. लॅपटॉप बॅटरीवर आला, आणि अर्ध्या मिनिटात पंखा शांत झाला. टास्क मॅनेजर उघडाच होता. सिस्टम इंटरप्ट्स शून्याजवळ. लाईन आली, आकडा परत वीसच्या घरात.

मग मी नीट बघायला बसलो. खालच्या कोपऱ्यातल्या बॅटरीच्या चित्राकडे एकटक पाहत राहिलो. प्लगचं चिन्ह क्षणभर जायचं आणि परत यायचं, इतकं झरकन की सहज नजरेत भरत नव्हतं. चार्जरची पिन बोटानं थोडी वर उचलून धरली आणि आकडा खाली. सोडली की वर. लॅपटॉपच्या चार्जिंग सॉकेटचा डाग (सोल्डरिंगचा जोड) सुटला होता आणि पिन आत हलत होती. चार्जर 'लागला, निघाला, लागला, निघाला' असं सेकंदात कित्येकदा घडत होतं. लॅपटॉपमध्ये बॅटरी, पंखा, झाकण, चार्जर यांच्यावर नजर ठेवणारी एक वेगळी छोटी चिप असते. ती प्रत्येक वेळी एसीपीआयच्या, म्हणजे वीज-बॅटरीची खबर पोचवणाऱ्या व्यवस्थेच्या, वाटेनं प्रोसेसरला हाळी देत होती, आणि प्रोसेसर बिचारा दरवेळी धावत होता. नवं सॉकेट बसवलं, डाग दिला, आणि तो लॅपटॉप पुढे तीन खरीप हंगाम चालला.

तेव्हा ही तपासणी नक्की करा. आधी चार्जर लावून आकडा बघा, मग काढून बघा. मग लावून पिन हळू चार दिशांना हलवा, आकडा आणि बॅटरीचं चित्र दोन्हीकडे लक्ष ठेवून.

चार्जर काढल्यावर फरक पडतो पण पिन घट्ट आहे, तेव्हा बोर्डातल्या अर्थिंगकडे बघा. आमच्याकडे कितीतरी घरांत तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या कनेक्टरमधून लावलेला असतो, किंवा अर्थिंगची तार बोर्डापर्यंत येते आणि पुढे कुठेच जात नाही. मग लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लावला की झिणझिण्या जाणवतात, टचपॅडवरचा बाण आपोआप उड्या मारतो, बोट न लावता क्लिक होतो. टचपॅडला बोटाचा भास होत राहतो आणि तो हाळ्या देत राहतो. चार्जर काढल्याबरोबर बाण शांत झाला तर नव्या टचपॅडचा खर्च करू नका. ज्या घरात अर्थिंग धड आहे तिथे तोच लॅपटॉप, तोच चार्जर लावून बघा. तिथे नीट चालला तर वायरमनला बोलवा.

पावसाळ्यातही टचपॅड असाच वेडावतो. ओल्या हातानं काम केलं, छपरातून दोन थेंब गळले, की हीच लक्षणं. लॅपटॉप बंद करून, कोरड्या सुती कापडानं पुसून, सावलीत उघडा ठेवा. उन्हात ठेवू नका, चुलीजवळ तर नाहीच.

पाचवी पायरी: आतली यंत्रं एकेक करून गप्प करा

बाहेरचं काढलं, चार्जर काढला, तरी आकडा तिथेच? मग आतल्या यंत्रांकडे वळू. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यंत्रावर उजवं क्लिक करून 'डिसेबल डिव्हाइस' म्हणायचं, एक मिनिट आकडा बघायचा, फरक नसेल तर 'एनेबल' करून पुढच्याकडे जायचं. क्रम मी असा धरतो: ब्लूटूथ, वायफाय, वेबकॅम, कार्ड रीडर, ऑडिओ, वायरचं नेटवर्क, आणि शेवटी टचपॅड. टचपॅड बंद करण्याआधी यूएसबी माउस लावून ठेवा, नाहीतर परत चालू कसं करणार?

डिस्क, डिस्कचा कंट्रोलर, प्रोसेसर, आणि 'सिस्टम डिव्हाइसेस' खालचं काहीही बंद करू नका. लॅपटॉप उठणार नाही.

बंद केल्यावर आकडा पडला, तर तुमचा न थांबणारा पोरगा तोच. त्याचा ड्रायव्हर बघा. त्रास अपडेटनंतर सुरू झाला असेल तर प्रॉपर्टीजच्या 'ड्रायव्हर' पानावर 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबून मागचा आणा. तसं नसेल तर लॅपटॉपच्या तळाशी लिहिलेला मॉडेल क्रमांक बघून कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून त्याच मॉडेलचा ड्रायव्हर उतरवा. चिपसेटचा ड्रायव्हर आधी, मग बाकीचे. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणारे फुकट प्रोग्रॅम घेऊ नका. त्यांनी बिघडवलेले लॅपटॉप दुरुस्त करण्यात माझे बरेच रविवार गेलेत.

ड्रायव्हर बदलूनही तेच असेल तर ते यंत्र आतून बिघडलंय. वेबकॅम किंवा कार्ड रीडर असेल तर कायमचं डिसेबल करून ठेवा, काम अडत नाही. वायफायचं कार्ड बहुतेक लॅपटॉपमध्ये बदलता येतं.

सहावी पायरी: बायोस

लॅपटॉप सुरू होताना एफ२, एफ१० किंवा डिलीट दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ प्रोग्रॅममध्ये, जाता येतं, कळ कंपनीगणिक वेगळी. तिथे 'लोड डिफॉल्ट्स' करून, जतन करून बाहेर या. त्याआधी आतल्या पानांचे फोटो मोबाइलवर काढून ठेवा, विशेषतः डिस्कची मांडणी (साटा मोड) कोणती आहे त्याचा. ती बदलली गेली तर विंडोज उठत नाही, आणि फोटो असला की परत जशीच्या तशी करता येते. नागपूरच्या सीताबर्डीवरून आणलेला जुना, सिरियल किंवा पॅरलल पोर्ट असलेला लॅपटॉप असेल आणि ते पोर्ट वापरात नसतील, तर ते इथे बंद करा. अशा जुन्या यंत्रांत मात्र क्रमांकांची जुनी, खरी भांडणं अजून भेटतात, आणि कोड १२ त्यानं जातो.

बायोसचं अपडेट कधीकधी इंटरप्टचा घोळ मुळातून मिटवतं, कारण कोणाला कोणता क्रमांक हे आधी बायोसच मांडून देतो. पण अपडेट चालू असताना वीज गेली तर लॅपटॉप दगड होतो. बॅटरी चांगली, पूर्ण भरलेली, आणि चार्जरही लावलेला, असं असेल तरच करा. बॅटरी मेलेल्या लॅपटॉपवर भारनियमनाच्या गावात हे करूच नका.

सातवी पायरी: लिनक्सचा पेनड्राइव्ह

दोष विंडोजचा की यंत्राचा, याचा निवाडा करायला उबुंटूचा पेनड्राइव्ह बनवून ठेवा. लिनक्स ही विंडोजच्या जागी चालणारी दुसरी व्यवस्था, आणि उबुंटू हा तिचाच एक प्रकार. त्यावरून लॅपटॉप सुरू करायचा आणि 'ट्राय' निवडायचं, डिस्कवर काही लिहिलं जात नाही. त्या दिवशी माझ्याकडे तो असता तर विंडोज नव्यानं टाकायची वेळच आली नसती.

टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडा. आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायची: आधी वॉच, मोकळी जागा, उणे चिन्ह आणि त्याला चिकटून डी, मोकळी जागा, कॅट, मोकळी जागा, मग तिरकी रेघ (प्रश्नचिन्हाच्या कळेवरची), प्रॉक, परत तिरकी रेघ, इंटरप्ट्स. 'प्रॉक' म्हणजे पी, आर, ओ, सी ही चार अक्षरं. एंटर दाबलं की हाळ्यांची हजेरीवही समोर येते. डावीकडे क्रमांक, मध्ये प्रोसेसरच्या प्रत्येक गाभ्याची (कोरची) मोजणी, उजवीकडे यंत्राचं नाव. दर दोन सेकंदांनी आकडे बदलतात आणि बदललेले अंक उठून दिसतात.

हात कीबोर्डवरून काढा आणि बघत बसा. खाली 'एलओसी' लिहिलेली ओळ वाढतच राहील, ते प्रोसेसरचं आतलं घड्याळ आहे, तिला सोडा. क्रमांकाच्या ओळींपैकी कोणती धावतेय? ९ व्या ओळीत एसीपीआय धावत असेल तर चार्जरची पिन, बॅटरी, झाकणाचा स्विच यांच्याकडे चला. पुढे ताईच्याच गावातल्या एका शिक्षकाच्या लॅपटॉपवर मी हे पाहिलं. ९ ची ओळ बघता बघता हजारांनी वाढत होती आणि पिन दाबून धरली की अंक जागीच थिजायचे. नावात एक्सएचसीआय असेल तर यूएसबी. एसएनडी म्हणजे आवाज. आयटूसी असेल तर बहुतेक टचपॅड.

कधी लिनक्स स्वतःच तक्रार नोंदवतं: अमुक आयआरक्यू, 'नोबडी केअर्ड'. म्हणजे हाळी आली, त्या क्रमांकावरच्या सगळ्या ड्रायव्हरांना विचारलं, आणि प्रत्येक जण म्हणाला माझी नाही. १ लाख हाळ्यांपैकी ९९,९०० पेक्षा जास्त अशा बेवारस निघाल्या की लिनक्स तो क्रमांकच बंद करून टाकतं. त्या क्रमांकावर शेजारी म्हणून बसलेलं निर्दोष यंत्रही मग मंदावतं किंवा बंद पडतं. म्हणून जे यंत्र बंद पडलंय तेच बिघडलंय असं धरून चालू नका. त्याच ओळीत आणखी कोणाची नावं आहेत ती वाचा, आणि त्या प्रत्येकाला पाचव्या पायरीसारखं एकेक करून बंद करून बघा.

रोज लिनक्सच वापरत असाल आणि काम अडलं असेल, तर तात्पुरता उपाय आहे. सुरू होतानाच्या ग्रब मेनूत ई दाबा, लिनक्स शब्दानं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'आयआरक्यूपोल' (आय, आर, क्यू, पी, ओ, एल, एल) हा शब्द मोकळी जागा सोडून इंग्रजी लहान अक्षरांत जोडून टाका आणि एफ१० दाबा. लिनक्स मग बेवारस हाळीचा मालक सगळ्या यंत्रांकडे जाऊन शोधतं. लॅपटॉप थोडा मंद होतो. हे त्या एका वेळेपुरतंच लागू होतं, त्यामुळे बिनधास्त करून बघा.

विंडोजवर त्रास, उबुंटूवर शांत, तर ड्रायव्हरच्या मागे लागा. दोन्हीकडे तोच त्रास, तर विंडोज नव्यानं टाकण्यात अर्थ नाही.

दुकानात नेताना

सॉकेट, मदरबोर्ड किंवा आतल्या पट्टीचं काम घरी उघडून करू नका. पण दुकानात नुसतं "स्लो चालते" म्हणून देऊही नका, कारण तसं म्हटलं की पहिल्यांदा फॉरमॅटच होतं. वही पुढे ठेवा. म्हणा: "रिकामा असताना सिस्टम इंटरप्ट्स वीस टक्के, बॅटरीवर शून्य, पिन हलवली की बदलते." जाणता कारागीर एवढ्यावरून सरळ सॉकेट उघडेल. तो मदरबोर्ड बदलायचं म्हणाला, तर आकडा कोणत्या यंत्रामुळे वर जातो ते तुमच्यासमोर दाखवायला सांगा.

दुरुस्ती झाल्यावर पैसे देण्याआधी तिथेच लॅपटॉप सुरू करा. चार्जर लावा, तीन मिनिटं थांबा, टास्क मॅनेजर उघडा, पिन चारी बाजूंनी हलवून बघा, मग बोटाचं मशीन जोडून दोन-तीनदा बोट लावा. आकडा खाली राहिला आणि मशीन सुटलं नाही, की वहीत तारीख टाका आणि घरी या.